चौकावरचे वस्त्र

आपली पहिलीच चित्रकादंबरी पुरी करून तिची पाने छापखान्याच्या हवाली केलेल्या मनुष्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो वरवर पाहता व्यवहाराचा दिसत असला तरी त्याची मुळे धर्मविचारात फार खोलवर गेलेली आहेत. पुस्तक लोकांपर्यंत जावे म्हणून प्रकाशक समारंभ ठरवितो, कर्त्याला व्यासपीठावर बसवितो, मुलाखती योजतो, मेळ्यांतून आणि वाचनालयांतून त्याला हिंडवितो, प्रतींवर स्वाक्षऱ्या घेववितो. आणि चित्रांचे पुस्तक काढणे हे साध्या गद्य पुस्तकापेक्षा अधिक खर्चाचे काम असल्यामुळे हे सारे टाळण्याची मुभा नवख्या कर्त्याला सहसा नसते. उलटपक्षी, ज्या परंपरेत तो वाढला तिने बृहदारण्यकाच्या काळापासून पुत्रैषणा आणि वित्तैषणा यांच्याच पंक्तीला लोकैषणा बसविली आहे, गीतेने फळावरचा अधिकार काढून घेतला आहे, आणि संतांनी मानाच्या आकांक्षेला साधनेतील सर्वांत चिवट शत्रू मानले आहे. मग आपल्या कृतीची दवंडी आपणच पिटणे हा धर्म की अधर्म?

पुण्यामुंबईच्या लेखकापुढेही हा प्रश्न येतो, परंतु तेथे तो लवकरच संकोच आणि शिष्टाचार यांच्या पातळीवर उतरून मिटतो. त्याची खरी धार जाणवते ती डहाणू तालुक्यात. डहाणू रोडचे स्थानक मागे टाकून पूर्वेस चारोटीच्या दिशेने निघाले म्हणजे आशागड लागते आणि त्याच वाटेने पुढे गंजाड. आणि या मुलखातील वारली घरांत चित्र ही वस्तू मुळात कोणा एकाने करून इतरांस दाखविण्याची नव्हतीच. समजा, उद्या आशागडच्या एखाद्या पाड्यावरील तरुणाने आपल्या आजीकडून ऐकलेल्या कणसरी, हिमाई आणि वाघोबा या देवतांच्या कथा सलग चित्रांतून मांडून त्यांचे पुस्तक सिद्ध केले, आणि मुंबईतील एखाद्या सभागृहात त्याच्या प्रकाशनाची तारीख मुक्रर झाली. तर त्या व्यासपीठाकडे जाताना त्याच्या पाठीशी कोणता शिरस्ता उभा आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

वारली लग्नात सवासिणी घराच्या भिंतीवर, शेणमातीने सारवून गेरूने लाल केलेल्या पृष्ठावर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या पाण्याने आणि टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने, लग्नाचा चौक लिहितात. मध्यभागी पालघट देवी असते, तिच्याभोवती साखळीच्या आणि अन्य नक्षींच्या पट्ट्यांची चौकट असते, आणि शेजारी लहान देवचौकात घोड्यावर आरूढ झालेला पंचशिऱ्या असतो. ज्या पिठाने ही देवी लिहावयाची ते पीठही धान्यमाता कणसरीचेच, म्हणजे एका देवतेच्या देहाने दुसरीचे रूप रेखाटावयाचे, असा हा व्यवहार आहे. धवलेरी लग्नाची गाणी गाते, आणि लग्न लावण्याचा अधिकारही तिचाच. चौक पुरा झाला म्हणजे त्यावर वस्त्र घालतात; भगताच्या अंगात वारे येऊन देवतांचे आवाहन झाल्यावाचून ते वस्त्र दूर होत नाही. लग्न उरकले की या चित्राचे प्रयोजन संपते. धूर, ओल आणि पुढचे सारवण यांत ते विरून जाते, आणि ते कोणी लिहिले हे भिंतीवर कोठेही नोंदलेले नसते.

निष्काम कर्माचे याहून निखळ उदाहरण शोधूनही सापडणार नाही, असे म्हणण्याचा मोह येथे अनावर होतो. पण 1970 च्या दशकाच्या आरंभी, पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने, भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले. बिहारच्या दुष्काळात मिथिलेतील स्त्रियांच्या हाती कागद देण्याचे काम त्यांनी त्यापूर्वी केले होते, आणि तसाच कागद त्यांनी येथेही दिला. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे लग्नाच्या निमित्ताची वाट न पाहता चित्रे काढीत असत. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांची चित्रे मांडली गेली, 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1989 साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचा समावेश झाला, आणि 2011 साली पद्मश्री. भिंतीवरचे निनावी चित्र अशा रीतीने एका पिढीत स्वाक्षरीचे चित्र झाले. या स्थित्यंतराकडे पवित्राचे बाजारीकरण म्हणून पाहणारा एक वर्ग तेव्हापासून आजतागायत आहे. आपल्या कल्पनेतील आशागडच्या तरुणालाही तो वर्ग हाच प्रश्न विचारील, की देवीचे चित्र छापून, नाव घालून, किंमत ठेवून तू विकतोस कसा?

या आक्षेपातील कळकळ मी नाकारीत नाही. तथापि ज्या लग्नात तो चौक लिहिला जात असे त्या लग्नाचा खर्च कोठून येत असे, हे आक्षेपकांनी कधी विचारलेले दिसत नाही. 1930 च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या मुलकी अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात आणि पुढे गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या 1970 सालच्या ग्रंथात लग्नगड्याचे जे वर्णन आहे ते वाचून अंगावर शहारे येतात. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या क्षुल्लक रकमेपायी वारली इसम आपले शरीर गहाण टाकी, त्याची नवपरिणीत पत्नीही त्याच खताने बांधली जाई, आणि हिशेब सावकाराच्या दप्तरात असल्यामुळे ते कर्ज वर्षानुवर्षांच्या राबणुकीनेही फिटत नसे. मे 1945 मध्ये तलासरीजवळील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला, तोवर हा शिरस्ता चालू होता. म्हणजे ज्या भिंतीवर पालघट अवतरत असे त्याच भिंतीच्या आत नवराबायको विकली गेलेली असत. चित्र अविक्रेय होते आणि ते लिहिणारी माणसे मात्र विक्रेय होती, ही व्यवस्था ज्याला पवित्र वाटते त्याने पावित्र्याची आपली कल्पना पुन्हा तपासून पाहावी. चित्र विकून ज्या घरात पहिल्यांदा आपल्या कष्टाचा रोख मोबदला आला, त्या घराने देवीचा अपराध केला असे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही.

फलत्यागाचा उपदेश कोणास करावा, यालाही अधिकारभेद आहे. ज्याच्या हाती फळ येऊन पडले आहे त्याने ते सोडावे, यात अर्थ आहे. ज्याच्या हाती फळ कधी येऊच दिले नाही त्याच्यापुढे त्यागाचे माहात्म्य गाणे म्हणजे त्याच्या वंचनेवर धर्माची मोहोर उमटविणे होय. अनामिकतेचेही तसेच आहे. सवासिणींनी आपले नाव लिहिले नाही, कारण त्यांच्या सृष्टीत नावाचे कामच नव्हते. परंतु एकदा बाजार आला, नावावर मोल ठरू लागले, आणि प्रारंभी नावे जवळजवळ सर्वस्वी पुरुषांची झाली, तेव्हा त्याच स्त्रियांची पूर्वीची निरपेक्षता पाहता पाहता त्यांच्या विस्मरणात परिणत झाली. जिव्या सोमांच्या थोरवीला याने काडीमात्र उणेपणा येत नाही. आई लहानपणीच गेल्यावर बोलणे सोडून धुळीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगणारा तो मुलगा पुढे साऱ्या जगाशी चित्रांतून बोलला, ही कहाणी डहाणूत सर्वश्रुत आहे. पण ज्या स्त्रियांच्या चौकांनी त्या रेघांना व्याकरण दिले त्यांपैकी एकीचेही नाव आपल्याला सांगता येत नाही, आणि ही उणीव निष्काम कर्माच्या खात्यावर लिहून मोकळे होता येणार नाही.

या ठिकाणी वारकरी परंपरेकडे वळणे मला आवश्यक वाटते. लोकैषणेचा धिक्कार जितक्या कठोरपणे तिने केला तितका क्वचितच कोणी केला असेल, आणि तरीही तिच्या जवळजवळ प्रत्येक अभंगाच्या अखेरीस कर्त्याची नाममुद्रा असते. चोखामेळ्याला पंढरीच्या मंदिराचे दार बंद होते, पण त्याच्या नावाची मुद्रा त्याच्या प्रत्येक अभंगाबरोबर कीर्तनातून गावोगाव पोचली. सोयराबाई तर आपली मुद्रा चोखोबाची स्त्री म्हणून, जातीच्या उच्चारासह, घालते. हा अहंकार नव्हे. साक्षीदार ज्या भावनेने दस्तऐवजावर आपले नाव लिहितो, की हे मी पाहिले, हे मी भोगले, याची जबाबदारी माझ्यावर, तीच भावना त्या मुद्रेत आहे. चित्रकादंबरीच्या मुखपृष्ठावरचे नाव या अर्थाने घातले जात असेल तर ते लपविणे हाच दोष ठरेल.

गुप्ततेच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते महानुभावांच्या इतिहासात पाहावे. आपल्या धर्मग्रंथांची विटंबना होऊ नये म्हणून त्या पंथाने ते सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, आणि पुढे ते ग्रंथ छापले जाऊ लागले तेव्हा श्रद्धावंतांची मने दुखावली. त्यांचे दुःख खोटे नव्हते. पण ‘लीळाचरित्र’ जर त्या लिपीतच राहते, तर चक्रधरांचे चालणे-बोलणे आणि आद्य मराठी गद्याचे ते विलक्षण सौंदर्य कोणा मराठी माणसाला दिसले असते? ज्यांनी जपले त्यांचे ऋण आणि ज्यांनी उघडले त्यांचेही, अशी दोन्ही आपल्या डोक्यावर आहेत.

कर्त्याने आपल्या चित्रांशेजारी उभे राहून त्यांचा अर्थ सांगणे ही रीतही काही प्रकाशकांनी काढलेली नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाचे चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी घेऊन एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरीत आणि वाद्यांच्या साथीवर रामायण-महाभारतातील आख्याने गात. 2021 साली पद्मश्री मिळालेले परशुराम गंगावणे हे याच परंपरेतले. चित्रमालिका आणि तिचा निवेदक यांचे नाते आपल्याकडे इतके जुने आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली सत्यवचनी हरिश्चंद्राचा चित्रपट काढला तेव्हा 57,000 छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशी त्याची जाहिरात त्यांनी केल्याचे सांगतात. सत्याच्या आख्यानासाठी बाजारात उभे राहून हाक मारण्यात त्यांना अनमान वाटला नाही.

आमच्या आशागडच्या तरुणाला तर अगदी अलीकडचे आणि घरचे आधारही आहेत. चेन्नईच्या तारा बुक्सने 2009 साली ‘डू!’ हे पुस्तक तपकिरी कागदावर रेशमी छपाईने काढले, तेव्हा रमेश हेंगाडी, शांताराम धडपे आदी वारली चित्रकारांच्या पांढऱ्या आकृतींना कागदावरही भिंतीचाच रंग मिळाला. गंजाडचे राजेश वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासह ‘फील्ड्स ऑफ साइट’ या मालिकेत आपल्याच परिसराच्या छायाचित्रांवर वारली रेखाटनाने तेथला इतिहास आणि तेथल्या देवता उमटविल्या. आणि दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याने डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरील ‘भीमायन’ ही चित्रकादंबरी 2011 साली केली, तेव्हा आपली पात्रे चौकोनी खिडक्यांत कोंडण्यास त्यांनी सुरुवातीलाच साफ नकार दिला, आणि पाने त्यांच्या समाजातील दिग्ना नक्षीच्या वळणांनी विभागली गेली. चवदार तळ्याची हकिकत सांगताना माणसांना पुन्हा कुंपणात घालावयाचे नाही, या निश्चयात मला एक धर्मनिर्णय दिसतो, आणि तो कोणत्याही शास्त्रीपंडिताच्या निर्णयापेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो.

तेव्हा प्रसिद्धी करावी, निःसंकोच करावी, असेच माझे मत आहे. विवेक लागतो तो तिच्या मर्यादेविषयी. चौकाचे वस्त्र सवासिणींना स्वतः ओढून काढता येत नाही. त्यांचे काम लिहिण्यापर्यंत, पुढचे आगमन देवीच्या मर्जीचे. पुस्तकाच्या कर्त्यालाही गावोगाव हिंडण्याचा, बोलण्याचा, प्रत हाती ठेवण्याचा अधिकार आहे, पण वाचकाच्या चित्तात ते पुस्तक उजळणे त्याच्या ताब्यात नाही. आणि ते बळजबरीने घडवून आणण्यासाठी जो खोटी स्तुती मागतो, भाडोत्री गर्दी जमवितो, आपल्या जमातीला विचित्र आणि अद्भुत करून विकतो, तो वस्त्र फाडतो. फलत्यागाचा अर्थ एवढाच मला कळतो, आणि एवढा तो पाळण्याजोगा आहे.

एक बाब उरते, आणि ती सर्वांत नाजूक आहे. त्या चित्रकादंबरीत लग्नाचे पान येणार, आणि त्या पानावर प्रत्यक्ष पालघट लिहावी की नाही? 2014 साली आदिवासी युवा सेवा संघाच्या नावे वारली चित्रकलेची भौगोलिक उपदर्शन म्हणून सरकारदप्तरी नोंद झाली. त्या सनदेने या कलेवरचा जमातीचा हक्क मान्य झाला, पण कोणती प्रतिमा विधीविना लिहावी आणि कोणती लिहू नये, हे कोणत्याही कचेरीला ठरविता येत नाही. ते पान छापखान्यात देण्यापूर्वी त्या तरुणाने आपल्या पाड्यावरच्या धवलेरीला विचारावे. तिने मोडता घातला तर ते काढून टाकावे, आणि कथा त्याने लंगडी होत असेल तर वस्त्र घातलेलाच चौक काढावा, कारण लग्नात काही काळ तो तसाच असतो. मुंबईचा समारंभ अवश्य व्हावा. पण त्याच्याही आधी, भातकापणी उरकल्यावर, आशागडला पाड्यावर लोक जमवून पुस्तकाचा करारनामा मोठ्याने वाचला जावा, ज्यांच्या चौकांवरून आणि कथांवरून तो हे सारे शिकला त्या स्त्रियांची नावे आणि त्यांचा हिस्सा त्यात कलमवार असावा, आणि त्यांच्या देखत सही व्हावी. कारण न वाचलेल्या खतांवर उमटलेल्या अंगठ्यांनी या मुलखातली लग्ने पिढ्यानुपिढ्या बांधली गेली होती.