ज्यांच्या हातात नॉब नाही

डीजे मिक्सरवर एकच गाणं तीन वाटांनी जाऊ शकतं. ‘मास्टर’मधून ते स्पीकरच्या भिंतीकडे, म्हणजे रस्त्यावर जातं. ‘बूथ’मधून डीजेच्या स्वतःच्या मॉनिटरकडे. आणि ‘क्यू’चं बटण दाबलं की फेडर खाली असतानाही हेडफोनमध्ये. तिन्ही वाटांना वेगळे नॉब. म्हणजे स्वतःच्या कानावर काय आणि किती पडावं, हे डीजे ठरवू शकतो. गर्दीचंही तोच ठरवतो. गल्लीतल्या घरांसाठी मात्र मिक्सरवर नॉब नाही. त्यांच्या वाट्याला मास्टर येतो, तेवढंच.

मग ज्यांनी आवाज मागितलाच नाही, त्यांचं आपण काही देणं लागतो का?

‘त्रास होतोय तर दारं लावून घ्या,’ हे नेहमीचं उत्तर. पण दार लावल्यावर अडतं काय? हाय आणि मिड, म्हणजे गाण्याचे शब्द आणि चाल. बेस अडत नाही. 50 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास 7 मीटर असते, साध्या भिंतीला ती फारशी जुमानत नाही. नाचणाऱ्याला पूर्ण गाणं मिळतं. आत झोपलेल्या आजारी माणसाला मिळते फक्त छातीतली धडधड. आनंद वाटला म्हणताना आपण त्याला गाण्याचा उरलेला भाग देतो.

‘मग कायदा आहे की!’ आहे. 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. स्पीकरवरून दुसऱ्याच्या कानावर आवाज लादणं हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सांगितलं. पण ही मर्यादा ‘ए’ वेटिंगने मोजतात, आणि त्या मापात 50 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 30 डेसिबल वजा होतात. खिडकीची तावदानं थरथरतात आणि मीटरवर आकडा बेताचाच दिसतो. म्हणजे कायदा पाळला तरी प्रश्न उरतोच.

याला दुसरी बाजू आहे आणि ती खोटी नाही. धाराशिव, उमरगा, कळंबच्या ज्या घरांना मंगल कार्यालय परवडत नाही, त्यांच्यासाठी रस्ता हेच कार्यालय. वर्षभर ज्यांना कुणी विचारत नाही, ते वरातीत किंवा जयंतीत एक दिवस सगळ्यांना ऐकू जातात. त्यांना ‘गप्प बसा’ म्हणणं सोपं आहे, न्याय्य नाही. शिवाय डीजेचं पोट त्यावर आहे. पैसे देणारा ‘वाढव’ म्हणतो आणि हात नॉबकडे जातो.

म्हणून मला शांततेचा आग्रह धरायचा नाही. तुळजापुरातला संबळही काही हळू वाजत नाही. फरक एवढाच की संबळ वाजवणाऱ्याचा हात थकतो, समोरच्याचा चेहरा त्याला दिसतो. मर्यादा त्या वाजवण्यातच असते. नॉब थकत नाही. त्यामुळे जी मर्यादा पूर्वी शरीर घालायचं, ती आता माणसाने ठरवून घालावी लागते.

गंमत म्हणजे मशीनला हे शिकवलेलं आहे. कित्येक मिक्सरवर ‘टॉकओव्हर’ असतं. माईकवर कुणी बोलायला लागलं की गाणं आपोआप खाली येतं, बोलणं संपलं की परत वर जातं. पण त्यासाठी माईक हातात असावा लागतो. परीक्षेला बसलेली पोरगी, तान्ह्या बाळाची आई, दम्याने बेजार म्हातारा, यांची वायर कुठल्याच चॅनलला जोडलेली नाही.

ही न जोडलेली वायर लक्षात ठेवणं हीच मला इथली नीती वाटते. करायचं फार नाही. मिरवणूक निघण्याआधी साउंड चेक करताना डीजेने गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत चालत जावं. तिथे उभं राहून ऐकावं, आणि परत येऊन ‘लो’चा नॉब थोडा डावीकडे फिरवावा. नाचणाऱ्यांचं गाणं त्याने बंद पडत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दिवसभर ‘युजर’चा विचार करतो. ज्याने ॲप उघडलंच नाही पण ज्याला त्याचा ताप होतो, त्याला आमच्याकडे साधं नावसुद्धा नाही. डीजेला दोष देण्याआधी मला ते आठवतं. नॉब ज्याच्या हातात, त्याने नॉब नसलेल्याच्या कानाने एकदा ऐकायला हवं. आवाज किती ठेवायचा, हे त्यानंतर ठरवावं.