टाळी वाजविणाऱ्याचे कर्तव्य

मनुष्याने मनुष्याची स्तुती करावी काय, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत वेळोवेळी निघत असतो. कित्येक म्हणतात की, स्तुतीस पात्र असा एक देवच आहे. मनुष्याला वाखाणले म्हणजे तो फुगतो, आणि वाखाणणारा मूर्तिपूजेच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहतो. दुसरे म्हणतात की, गुण हे देवाचे दान आहे. दानाचे कौतुक केल्याने दात्याचेच गौरव होते. ह्या दोन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे, आणि तो वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. परंतु ह्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, व त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो असा की, आपण एखाद्या तरुणासाठी टाळी वाजविली म्हणजे आपल्यावर त्याचे काही ऋण येते काय? आणि येत असेल, तर ते कोणते?

ह्याचा विचार करण्यास एक दूरदेशचे उदाहरण घेऊ. थंड देशांत बर्फाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पात्यांचे बूट घालून नृत्य करण्याची एक विद्या आहे. तिला फिगर स्केटिंग म्हणतात. सुमारे ६० मीटर लांब व ३० मीटर रुंद असे बर्फाचे अंगण असते. वाद्यांच्या सुरावर खेळाडू त्यावरून घसरत जातो, वेगाने हवेत उडी घेतो, अंगाभोवती तीन किंवा चार गिरक्या घेतो, आणि एका पायाच्या अरुंद पोलादी पात्यावर पुन्हा उतरतो. चार गिरक्यांची उडी एका सेकंदाच्याही आत आटोपते. स्पर्धा दोन दिवसांची असते. पहिल्या दिवशी लहान प्रयोग, दुसऱ्या दिवशी मोठा. परीक्षक प्रत्येक उडीला व एकंदर कलेला गुण देतात, आणि दोन्ही दिवसांच्या बेरजेवरून क्रम ठरतो. आपल्या गावांत असे बर्फ नाही. तथापि आता मोबाइलवर हे खेळ आपल्या तरुणांनीही पाहिले असतील.

सन २०१८ च्या फेब्रुवारी महिन्यात दक्षिण कोरियात हिवाळी ऑलिंपिक खेळ झाले. त्यात अमेरिकेचा नेथन चेन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा आला होता. त्याचे आईबाप चीन देशातून अमेरिकेत येऊन राहिलेले. पाच लेकरांतला हा धाकटा. त्या हंगामात तो एकेरी स्पर्धांत अजिंक्य राहिला होता. एका वर्षापूर्वी आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने एकाच प्रयोगात चार गिरक्यांच्या पाच उड्या साधल्या होत्या, आणि तसे पूर्वी कोणी केले नव्हते. मग काय विचारावे! जाहिरातींत त्याचा चेहरा झळकला, वर्तमानपत्रांनी त्याला सुवर्णपदकाचा मोठा दावेदार ठरविले, आणि चाहत्यांनी पदकाचा हिशेब आधीच मांडून ठेवला.

ता. १६ फेब्रुवारीला तो लहान प्रयोगासाठी बर्फावर उतरला. पहिल्याच मोठ्या उडीत तो पडला. दुसरीत तोल गेला, आणि तिसरीही नीट उतरली नाही. त्याला ८२.२७ गुण मिळाले, व त्याचा क्रम सतरावा लागला.

असे का व्हावे? विद्या तर एका रात्रीत नाहीशी झाली नव्हती. प्रिय वाचकहो, ह्याचे कारण आपल्या घरांतील स्त्रियांना पंडितांहून अधिक कळेल. डोक्यावर दोन घागरी व कडेवर लेकरू घेऊन विहिरीवरून येणारी बाई वाटेने सहज बोलत बोलत येते. तिला जर कोणी म्हटले, "बाई, सांभाळ हं, सगळा गाव तुझ्याकडे पाहतो आहे," तर तिचे पाऊल अडखळते. जे काम अंगाने हजार वेळा करून आत्मसात केलेले असते, ते भयाने ग्रासलेले मन हाती घेऊ पाहते. मग प्रत्येक पाऊल मोजले जाते, अंग ताठ होते, आणि क्षण चुकतो. दडपण म्हणतात ते हेच. आता हे दडपण कशाचे बनलेले असते, ते पाहा. त्यात शत्रूचे शाप थोडे असतात; बहुतेक भाग चाहत्यांच्या अपेक्षेचाच असतो. आपण ज्याला फुलांचा हार समजून गळ्यात घालतो, तोच घालून घेणाऱ्याला पुष्कळदा जोखडाप्रमाणे जड होतो.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा पुन्हा बर्फावर आला. पदकाची आशा जवळजवळ सरली होती. पुढे त्याने स्वतः सांगितले की, इतके पडून झाल्यावर आता जे जवळ आहे ते सर्व टाकून पाहावे, असे त्याच्या मनाने घेतले. त्या मोठ्या प्रयोगात त्याने चार गिरक्यांच्या सहा उड्या घेतल्या. एकीत हात बर्फाला टेकला, बाकीच्या पाच स्वच्छ उतरल्या. परीक्षकांनी २१५.०८ गुण दिले. त्या दिवशीच्या मोठ्या प्रयोगात इतके गुण दुसऱ्या कोणाला मिळाले नाहीत; सुवर्णपदक जिंकणाऱ्या जपानच्या युझुरू हान्यूलाही नाहीत. दोन दिवसांच्या बेरजेत मात्र तो सतराव्यावरून पाचव्या जागेवर आला. पदक मिळाले नाही. तरीही त्या चार-साडेचार मिनिटांचे स्मरण लोक अजून काढतात.

लोकांना त्यात इतके काय आवडले? विजय म्हणावा, तर तो नव्हता. सर्वांसमोर पडलेला मुलगा सर्वांसमोर पुन्हा उभा राहिला, हे आवडले. येथे चाहत्यांची वृत्ती योग्य होती, आणि ख्रिस्ती मनुष्याने ती निंदू नये. पडलेल्याचे उठणे पाहून ज्याचे हृदय हलत नाही, त्याला पेत्राची गोष्टही नीट समजणार नाही.

परंतु सर्वांनाच असा दुसरा दिवस मिळतो असे नाही. सन २०२२ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांची एक रशियन मुलगी पहिल्या दिवशी अग्रस्थानी होती. निषिद्ध औषधाच्या आरोपाची चौकशी तिच्या डोक्यावर होती. त्याचा निवाडा पुढे न्यायासनाने केला, व तो येथे आपला विषय नाही. मोठ्या प्रयोगात ती वारंवार पडली व चौथ्या जागेवर गेली. रडत बर्फाबाहेर आली, तेव्हा तिच्या शिक्षिकेने तिला विचारले की, तू झुंज का सोडलीस? ते शब्द जगभर दूरदर्शनवर ऐकू गेले, आणि पुष्कळांच्या अंगावर काटा आला. त्याच वर्षी ह्या खेळाच्या जागतिक संघाने प्रौढांच्या स्पर्धेसाठी किमान वय पंधरावरून क्रमाक्रमाने सतरावर नेण्याचे ठरविले. नियम बरा आहे. पण पाहणाऱ्यांच्या अंतःकरणासाठी कोणता संघ नियम करील?

त्या अंतःकरणाविषयी शास्त्रात एक आरसा आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा अठरावा अध्याय काढा. मेंढरांमागून आलेला कोवळा दावीद गल्याथाला मारून परतला आहे. नगरानगरांतून स्त्रिया डफ घेऊन नाचत बाहेर आल्या, आणि त्यांनी गाणे केले. त्यात प्रेम होते, आनंद होता. परंतु त्यात आकडेही होते. शौलाचे इतके, दाविदाचे इतके. तो हिशेब दाविदाने मांडला नव्हता. पण त्या हिशेबामुळे उठलेला भाला मात्र दाविदावरच आला. गाणाऱ्या स्त्रिया घरी गेल्या. पुढे दावीद रानोमाळ फिरला, गुहांत लपला; तेव्हा त्यांपैकी कोणी डफ घेऊन तेथे गेल्याचे शास्त्र सांगत नाही.

त्याच अध्यायात दुसरा एक चाहता आहे, तो योनाथान. दाविदाच्या उदयाने ज्याचे सर्वांत अधिक नुकसान व्हावयाचे होते, असा तो राजपुत्र. त्याने गाणे केले नाही. त्याने आपला झगा काढून दाविदाला दिला, आपली तरवार, धनुष्य व कमरबंदही दिला. आणि तेविसाव्या अध्यायात, दावीद जीफाच्या रानात पळता झालेला असता, हाच योनाथान उठून त्याच्याकडे गेला व देवाच्या ठायी त्याचा हात बळकट केला. प्रशंसेचे ऋण कसे फेडावे, ते येथे पाहावे. उदयाच्या वेळी ज्याने टाळी वाजविली, त्याने पतनाच्या वेळी रानात जावे. जो रानात जाण्यास तयार नाही, त्याने डफही हळूच वाजवावा.

येथे कोणी आक्षेप घेईल: "पाळकसाहेब, फळ काही येवो, प्रेम तितकेच, असे मुलांना कळले तर ती आळशी होणार नाहीत काय? धाकावाचून विद्या कोठे येते?" आक्षेप हलका नाही. परंतु त्या दोन दिवसांचाच विचार करा. ज्या दिवशी सर्व गमावण्याचे भय होते, त्या दिवशी हातची उडीही गेली. आणि ज्या दिवशी गमावण्यास काही उरले नाही, त्या दिवशी त्याने थोडे नव्हे, अधिक साहस केले. मोकळ्या झालेल्या मनाने आळस धरला नाही. ते धावू लागले.

तथापि ती मोकळीक निराशेने दिलेली होती, हे आपण विसरू नये. मनुष्याने मोकळे होण्यासाठी आधी सतराव्या जागेवर पडलेच पाहिजे काय? शुभवर्तमानाचे उत्तर असे की, नाही. मार्काच्या पहिल्याच अध्यायात आपला प्रभू यार्देनेतून वर येतो. अजून त्याने एकही रोगी बरा केलेला नाही, एकही दृष्टान्त सांगितलेला नाही, समुदायाने त्याचे नावही घेतलेले नाही. अशा वेळी आकाशातून पित्याची वाणी होते, आणि तो आपला प्रिय पुत्र आहे, त्याच्याविषयी आपण संतुष्ट आहो, हे ती सांगते. कामाआधी प्रीती! अरण्यातील परीक्षा त्यानंतर आली. जो प्रिय म्हणून आधीच ओळखला गेला, त्याला समुदायाच्या होसान्नाने चढावयाचे नव्हते, आणि त्याच समुदायाच्या दुसऱ्या आरोळीने खचावयाचे नव्हते. आपणही ख्रिस्ताच्या ठायी ह्याच क्रमाने स्वीकारले गेलो आहो. आपली कृत्ये त्या स्वीकारामागून येतात, त्याची किंमत म्हणून नव्हे.

त्या अठरा वर्षांच्या मुलाविषयी एवढे सांगावयाचे राहिले की, चार वर्षांनी, सन २०२२ मध्ये, बीजिंग येथे त्याने सुवर्णपदक जिंकले. एकंदर गुण ३३२.६०. पदकाच्या चिंतेपेक्षा खेळण्यातील आनंद जपण्याचा आपण ह्या वेळी यत्न केला, असे त्याने सांगितले. मात्र ह्या शेवटावरून, पडलेला प्रत्येक जण पुढे जिंकतोच, असा अर्थ कोणी काढू नये. कित्येक पुन्हा कधीच जिंकत नाहीत. त्यांच्यासाठीच योनाथान पाहिजेत.

आता आपल्या मंडळ्यांकडे वळू. नाताळच्या कार्यक्रमात एक लेकरू उभे राहते, पाठ केलेले वचन अर्ध्यावर विसरते, आणि मागच्या ओळीत हशा पिकतो. दहावीचा निकाल लागतो; उत्तीर्ण झालेल्याच्या दारी पेढे, आणि दोन घरे पलीकडे दार लोटलेले. नवा उपदेशक पहिला उपदेश करतो, त्याचा आवाज कापतो, आणि घरी जाताना लोक जुन्या उपदेशकाशी त्याची तुलना करतात. हे सर्व आपलेच बर्फाचे अंगण आहे, आणि आपणच चोहोंकडे बसलेले प्रेक्षक आहो.

बंधूंनो, विशेषतः उपदेशक व शब्बाथशाळेचे शिक्षक हो, तीन गोष्टी आपण धराव्या. मुलाची स्तुती करताना शेजारच्या मुलाचा आकडा त्यात घालू नये. स्पर्धेस किंवा परीक्षेस जाणाऱ्या लेकराला निरोप देताना, यशाची अट न घालता, तू आमचा आहेस, एवढे आधी सांगावे. आणि निकालाच्या संध्याकाळी पेढ्यांच्या घरी जाण्यापूर्वी लोटलेल्या दाराशी जावे, तेथे बसावे, व त्या लेकरासाठी आईबापांसह प्रार्थना करावी. पेढे नंतर खाल्ले तरी गोडच लागतील.

ज्याने आपल्याला पडलेले असता उचलले, तो प्रभू ह्या कामी आपणांस साहाय्य करो.