जमलं असतं का?

बॉक्सिंगच्या चाहत्यांमध्ये एक वाद पन्नास वर्षं झाली तरी मिटलेला नाही. क्युबाचा तिओफिलो स्टीव्हन्सन व्यावसायिक झाला असता, तर टिकला असता का? म्युनिक १९७२, माँट्रियल १९७६, मॉस्को १९८०. हेवीवेट गटात सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं. पण क्रांतीनंतर क्युबात व्यावसायिक खेळांवर बंदी आली होती. अमेरिकेतून मोठमोठ्या रकमा देऊ केल्या गेल्या, मोहम्मद अलीशी लढत लावायचे बेत झाले. स्टीव्हन्सन गेला नाही. प्रश्न तसाच लटकत राहिला.

मी धाराशिवचा. आमच्या गावाचं नाव देशभर गेलं ते बॉक्सिंगमुळे नाही, खो-खोमुळे. त्यामुळे हा प्रश्न माझ्या डोक्यात येतो तेव्हा चेहरा सारिका काळेचा असतो. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. मग २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली. फ्रँचायझी आल्या, खेळाडूंना मानधन आलं, टीव्हीवर थेट प्रक्षेपण आलं. तिथे सारिका चमकली असती का?

सरळ उत्तर असं, की ते सांगता येत नाही. आणि का सांगता येत नाही, हे बघण्यासारखं आहे.

एकाच नावाखाली हे दोन वेगळे खेळ असतात. स्टीव्हन्सनच्या लढती तीन फेऱ्यांच्या, अलीच्या विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या. नऊ मिनिटांत सगळा जोर लावणारं शरीर पाऊण तास मार खात उभं राहीलच असं नाही. लीगच्या खो-खोतही मातीऐवजी मॅट आहे, डाव सात मिनिटांचा आहे, गुण मोजायची पद्धत वेगळी आहे आणि दोन्ही दिशांना पळायची मुभा असलेला ‘वझीर’ आहे. दिशा बदलता न येणं हाच ज्या खेळाचा जीव, त्यात एकाला ती सूट मिळाली की पळणाऱ्याची वर्षानुवर्षांची गणितं बदलतात.

उदाहरणं घेऊन बसलं तरी निकाल लागत नाही. अथेन्स २००४ मध्ये गिलेर्मो रिगोंदो आणि ओडलानिएर सोलिस हे दोघेही क्युबासाठी सुवर्ण जिंकले. पुढे दोघांनी देश सोडला, दोघे व्यावसायिक झाले. रिगोंदो जगज्जेता झाला. सोलिसला २०११ मध्ये विताली क्लिच्कोविरुद्ध जगज्जेतेपदाची संधी मिळाली, आणि पहिल्याच फेरीत गुडघा दुखावून तो कोसळला. देश तोच, तालीम तीच, पदकही तेच. हौशी खेळातल्या दबदब्यावरून पुढचं भाकीत करायचं तर यातलं कोणतं धरायचं?

पण मला खटकतं ते वेगळंच. ‘जमलं असतं का’ हा प्रश्न आपण खेळाडूच्या अंगातल्या ताकदीबद्दल विचारतो. त्याआधी दार उघडं होतं का, हे विचारत नाही. स्टीव्हन्सनसमोर निदान एक दार होतं. ते ओलांडायची किंमत म्हणजे देश सोडणं, तरी होतं. त्याने नाही म्हटलं. त्या नकाराला काही अर्थ आहे. सारिकाला नकार द्यायचीही वेळ आली नाही. २०२२ चा आणि २०२३-२४ चा, लीगच्या पहिल्या दोन्ही हंगामांत सहाच्या सहा संघ पुरुषांचे होते. जिला कोणी विचारलंच नाही, तिला जमलं असतं का, असं म्हणत बसणं म्हणजे कुलूप दाराला असताना तिच्या पायांची चौकशी करणं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: खेळ पैशासाठी नसतोच, हौसेला मोल नसतं. ऐकायला गोड आहे. पण ‘हौशी’ या कल्पनेचा जन्म तपासा. १८७९ मध्ये इंग्लंडच्या हेन्ली नौकास्पर्धेने हौशी कोण हे ठरवलं, तेव्हा कारागीर आणि मजूर त्यातून थेट वगळले. हौस परवडणाऱ्यांची, घामाने पोट भरणाऱ्यांची नव्हे. महाराष्ट्रासाठी खेळत असताना जवळपास दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवायला मिळायचं, हे सारिकाने स्वतः सांगितलं आहे. तिच्यासमोर हौसेचं कौतुक करायला तोंड कुठून आणायचं?

आपल्याकडे हौशी खेळाडूची खरी ‘व्यावसायिक लीग’ म्हणजे सरकारी नोकरी. राज्यात खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. आमच्याकडे मैदानावर मुलीला पाठवणाऱ्या आईबापाच्या मनात ते असतंच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सारिका तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. खेळाने तिला भाकरी दिली, पण खेळल्याबद्दल नाही, खेळून झाल्यावर.

म्हणून मला वाटतं, या प्रश्नातले दोन धागे वेगळे करायला हवेत. पहिला मोलाचा. स्टीव्हन्सनची तीन सुवर्णं ही न झालेल्या पंधरा फेऱ्यांची रंगीत तालीम नव्हती. सारिकाचं गुवाहाटीचं सुवर्णही कुठल्या लीगची पूर्वपरीक्षा नव्हतं. जे झालं ते पूर्ण आहे. त्याला ‘पण’ जोडायची गरज नाही. दुसरा धागा न्यायाचा, आणि तिथे मात्र ‘पण’ सोडता कामा नये. कामगिरी पूर्ण असली म्हणून बंद दार माफ होत नाही.

क्युबाने २०२२ मध्ये आपल्या बॉक्सरांना व्यावसायिक लढतींची परवानगी दिली. स्टीव्हन्सन २०१२ मध्येच गेला होता. त्याच्याबद्दलचा प्रश्न आता कधीच सुटणार नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि अंतिम फेरीत भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. तिच्या मागे आणखी मुली पळताहेत. पन्नास वर्षांनी कोणी त्यांच्याबद्दल ‘जमलं असतं का’ असं विचारू नये असं वाटत असेल, तर त्याचा उपाय सोपा आहे. त्यांना खेळू द्यायचं, खेळण्याचे पैसे द्यायचे आणि मग बघायचं. नाही जमलं, तर नाही जमलं. निदान ते हरणं तरी त्यांचं स्वतःचं असेल.