गोरोबाकाकांचं थापटणं

आजचं चिंतन गीतेच्या १७ व्या अध्यायातल्या १५ व्या श्लोकावर.

भगवंत इथं वाणीचं तप सांगतात. बोलणं समोरच्याला उद्विग्न न करणारं असावं, खरं असावं, गोड असावं आणि त्याच्या हिताचं असावं. चारही एकाच वेळी! यातलं 'खरं' आपल्याला, म्हणजे आयटीवाल्यांना, फार सोपं जातं. 'मी बाबा स्पष्ट बोलतो' हे आपण अभिमानानं सांगतो. मीही सांगायचो.

आठ महिन्यांपूर्वी टीममध्ये एक नवीन मुलगा आला. आपल्याच भागातला, कॉलेजमधून थेट पुण्यात. त्याच्या कोडच्या रिव्ह्यूमध्ये मी कॉमेंट टाकली, "हे बेसिक आहे. आधी नीट वाचून घे." बारा जणांना दिसणारी कॉमेंट. चूक खरीच होती. त्याचं उत्तर आलं, "ओके सर." विषय संपला, असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी एका रिलीजमध्ये तारखांचा घोळ झाला. दिवस आणि महिना उलटे पडले, आणि रात्री दोनपर्यंत सगळी टीम कॉलवर. शेवटी तो पोरगा हळूच म्हणाला, "सर, मला आधीच दिसलं होतं. पण वाटलं बेसिकच असेल, कशाला विचारायचं."

त्या रात्री मला झोप आली नाही.

त्याच आठवड्यात गावी गेलो, तर आण्णा म्हणाले, चल तेरला जाऊन येऊ. तेर धाराशिवपासून पंचविसेक किलोमीटर. तेरणेकाठी गोरोबाकाकांची समाधी आहे. पूर्वीचं तगर ते हेच, रोमपर्यंत व्यापार चालायचा इथून. पण आमच्या घरी तेर म्हणजे गोरोबाकाकाच. मंदिरात बसलो आणि लहानपणापासून शंभरदा ऐकलेली गोष्ट पुन्हा डोक्यात फिरायला लागली.

तुम्हालाही माहीत असेल. काकांच्या घरी संत जमलेत. ज्ञानोबा, निवृत्तीनाथ, सोपानकाका, नामदेव. छोटी मुक्ताई कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारते, काका, हे कशाला? काका सांगतात, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग मुक्ताई म्हणते, आमचीही परीक्षा करा की! काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे शांत. नामदेव मात्र चिडतात. काका म्हणतात, हे मडकं कच्चं आहे.

पुढची गंमत बघा. नामदेव तडक पंढरपूरला जाऊन विठ्ठलाकडे तक्रार करतात. आपल्या भाषेत, थेट वरपर्यंत एस्कलेशन! आणि देव काय करतो? काकांना रागावत नाही, नामदेवांनाही हाकलत नाही. विसोबा खेचरांकडे जा म्हणतो. औंढ्या नागनाथला नामदेवांना गुरू भेटतात. म्हणजे 'कच्चं' या शब्दापाशी गोष्ट थांबतच नाही. कच्चं मडकं कुणी फेकून देत नाही, ते भट्टीत जायचं बाकी असतं एवढंच.

आणि मला इतकी वर्षं न दिसलेली गोष्ट त्या दिवशी दिसली. आई उन्हाळ्यात माठ घेते तेव्हा बोटानं टकटक करते आणि कान जवळ नेते. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर ठेवून द्यायचा. टकटक करायची ती ऐकण्यासाठी! काकांचं थापटणं म्हणजे मारणं नव्हतं, ते कान देणं होतं. शिवाय ते आपणहून उठले नव्हते, मुक्ताईनं विचारलं होतं. आणि सगळ्यांना एकाच हातानं तपासलं, ज्ञानोबांनासुद्धा. मी मात्र थापटणं हाणलं आणि आवाज ऐकायला थांबलोच नाही. "ओके सर" हा बद्द आवाज होता की हो! (चारचौघांत 'कच्चा' म्हणणं मला अजूनही थोडं खटकतं. पण ते काका होते, सगळ्यांत वडील. माझी तेवढी पात्रता नाही.)

सोमवारी त्याला चहाला घेऊन गेलो. ती कॉमेंट चुकली म्हणालो. मग विचारलं, तो कोड तू तसा का लिहिला होतास? बराच वेळ कप फिरवत बसला. मग म्हणाला, "सर, पहिल्या आठवड्यात तुम्हीच एका कॉलवर तसं सांगितलं होतं. मी वहीत लिहून ठेवलंय."

वही दाखवली त्यानं. तारखेसकट.

दुपारी त्याच कॉमेंटखाली, बारा जणांना दिसेल असं, मी लिहिलं की पद्धत मीच चुकीची सांगितली होती. हात जड झाला होता लिहिताना. भगवंतांनी याला शिष्टाचार न म्हणता तप का म्हटलंय, ते तेव्हा कळलं.

उद्या श्लोक १६. त्यात मौन येतं, आणि ते वाणीच्या नाही, मनाच्या तपात मोजलंय. वाचून या, बोलू.

रामकृष्ण हरी.