दैव पाचवे आहे

कमी दिवसांच्या किंवा आजारी बाळाची आई रुग्णालयात एका हिशेबावर जगते. दर दोन-तीन तासांनी किती मिली दूध दिले, किती पोटात राहिले, किती उलटून आले, सकाळच्या वजनात किती ग्रॅमचा फरक पडला. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातल्या एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षात, राजापूर, लांजा, संगमेश्वरच्या खेड्यांतून बाळे येतात. बाप पुष्कळदा मुंबईला नोकरीत असतो आणि आई सासू किंवा आईच्या सोबतीने दाराबाहेर बसून असते. गावाकडून विचारणा होते ती तिलाच. दूध उतरले नाही का? पथ्य मोडलेस का? ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का? ऐकून ऐकून तीही स्वतःला विचारू लागते की माझे काय चुकले. हा प्रश्न वरवर दवाखान्याचा वाटतो, पण मुळात तो धर्माचा आहे, कारण जे घडते त्याचा कर्ता कोण, हे त्यात विचारलेले आहे. माझे म्हणणे असे की, आपल्या परंपरेतच याचे उत्तर आहे. ते उत्तर आईला आरोपातून सोडवते, कर्तव्यातून मात्र सोडवत नाही.

आधी शरीराची बाजू पाहू. दूध ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रिया एका लयीत झाल्या तरच बाळ पिऊ शकते. ही लय गर्भावस्थेच्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास जुळू लागते. त्याआधी जन्मलेल्या बाळाला म्हणून नळीने दूध देतात, मग पळीने किंवा बोंडल्याने, आणि हळूहळू ते अंगावर पिऊ लागते. पूर्ण दिवसांच्या बाळाला हृदयाचा दोष असेल तर ओढता ओढता ते दमते; टाळू दुभंगलेली असेल तर तोंडात ओढच तयार होत नाही; जंतुसंसर्ग असेल तर ते मलूल पडून राहते. यातल्या एकाही कारणाचा उगम आईच्या मायेत किंवा दुधाच्या गुणात नाही. उलट कमी दिवसांच्या बाळाच्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिने अधिक असतात. आणखी एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात घ्यावी. मनावर ताण असला की दूध उतरण्याच्या क्रियेत अडथळा येतो. म्हणजे आईला दोष देणारा माणूस, नकळत का होईना, बाळाच्या वाट्याचे दूध कमी करत असतो.

आता शास्त्राकडे वळू. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. त्याला जोडूनच असे बजावले आहे की, हे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला खरे दिसत नाही. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर आणि चेष्टा म्हणजे प्राण, अपान आदी वायूंचे व्यापार. श्वासाशी गिळण्याचा मेळ न बसलेल्या बाळाकडे या दृष्टीने पाहावे. शरीर अजून अपुरे आहे, प्राणाचे व्यापार जुळायचे आहेत, आणि कर्ता मात्र आपले काम करतो आहे. हा विचार आपण सहसा यशाचा गर्व उतरवण्यासाठी सांगतो. अपयशालाही तो तितकाच लागू पडतो. ‘माझ्यामुळेच बाळ पीत नाही’ हे बोलणे नम्रपणाचे वाटते, पण त्यात चार कारणे पुसून एकट्या कर्त्याला पिंजऱ्यात उभे केलेले असते. अपराधभाव हाही कर्तेपणाचाच अभिमान आहे, फक्त तो दुःखाच्या वेषात येतो.

यावर पहिला आक्षेप पूर्वसंचिताचा. सटवाईने पाचवी-सहावीच्या रात्री कपाळी लिहिले ते कोणाला टळले आहे, असे आपल्याकडे म्हणतात. आईचे किंवा बाळाचे मागचे काही देणे असेल, असेही सुचवले जाते. पण मागल्या जन्माचा हिशेब सांगणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असतो? जे कोणी पाहिले नाही, त्याच्या आधारावर समोरच्या बाईला दोषी ठरवणे हा धर्म नव्हे. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. कर्माचा नियम मानूनही माणसाच्या प्रयत्नाला जागा उरते, हे दाखवण्यासाठी त्यांनी ते खर्ची घातले. गीतेच्या यादीतही दैव पाचवे आहे. आधीच्या चार कारणांचा शोध न घेता थेट पाचव्यावर जाणे म्हणजे श्रद्धेच्या नावाखाली आळस करणे होय.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. ज्या आईचा जीव पाच-दहा ग्रॅमच्या वाढीत अडकला आहे, तिला गीतेचा दाखला देऊन फळाची आशा सोड म्हणणे क्रूरपणा नाही का? तिने फळाविषयी बेपर्वा व्हावे, असा अर्थ घेतला तर नक्कीच आहे. पण टिळकांच्या मांडणीत फळाचा आग्रह सुटतो, फळाचा विचार आणि नेटका प्रयत्न सुटत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला खलाशी जाळे विणतो, इंजिन तपासतो, वाऱ्याचा अंदाज घेतो. मासळी कमी मिळाली म्हणून आपण नालायक आहोत असे तो मानत नाही, आणि दुसऱ्या दिवशी होडी लोटायचेही थांबत नाही. आईच्या हातात काय आहे ते स्पष्ट आहे: वेळच्या वेळी दूध पिळून काढणे, हात स्वच्छ ठेवणे, बाळाला उघड्या छातीशी घेणे, ते दमले की थांबणे. बाळाने किती घ्यावे हे तिच्या हातात नाही. वजनाचा आकडा उपचाराची दिशा दाखवतो. आईपणाची परीक्षा म्हणून तो वाचू नये.

तिसरा आक्षेप असा की, कर्तेपण पाच जागी वाटले तर जबाबदारी कोणाचीच राहणार नाही. मला तर उलटे दिसते. कारणे पाच असतील, तर आईपलीकडच्यांनाही आपापला वाटा उचलावा लागतो. ‘करणे’ या सदरात नळी, पळी, दूध काढायचा पंप येतो, आणि ती चालवणारी परिचारिका, डॉक्टर व त्यांना पुरेसे बळ देणारे शासनही येते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली मानली जाते. ज्या आईचे दूध पुरे पडत नाही तिच्या बाळाला दुसऱ्या आईचे दूध मिळू लागले, आणि एका बाईचे मानलेले अपयश समाजाचे काम झाले. कोलंबियातल्या बोगोता शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस बाळांना उबेत ठेवणाऱ्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा बाळाला छातीशी बांधून ऊब देण्याची कांगारू पद्धत पुढे आली. ही ऊब बापही देऊ शकतो. त्याने रजा काढून येणे हे आईवर केलेले उपकार नव्हेत. तोही या कर्माचा कर्ता आहे.

मग देवाला जागा कुठे? ग्रामदैवत भैरीला गाऱ्हाणे घालणाऱ्या, नवस बोलणाऱ्या आजीला मी अंधश्रद्ध म्हणणार नाही. जे आपल्या हाती नाही ते नाव घेऊन देवाच्या स्वाधीन करणे, ही पाचव्या कारणाची प्रामाणिक कबुली आहे. अट एवढीच की गाऱ्हाण्यात आईवर आरोप नसावा, आणि अंगारा किंवा मध बाळाच्या तोंडात जाऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते. बहुतेक बाळे पिऊ लागतात, पण सगळी नाहीत. सर्व प्रयत्नांनंतरही एखादे बाळ हाती लागत नाही, तेव्हा हा विचार सर्वांत जास्त लागतो. बाळ गेल्याचे दुःख आईला होणारच, आणि कोणत्याही तत्त्वज्ञानाने ते हिरावून घेऊ नये. त्या दुःखावर अपराधाचे ओझे लादण्याचा अधिकार मात्र धर्माने कोणालाही दिलेला नाही: सासूला नाही, शेजाऱ्याला नाही, आणि त्या आईला स्वतःलाही नाही.