कानांची अमानत आणि मनाचे समाधान



काही महिन्यांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्यापाशी येऊन थांबला. मोबाईलवर एका हेडफोनचे छायाचित्र दाखवून त्याने संकोचाने विचारले, "मौलाना, आतापर्यंत तीन घेतले, एकही मनासारखा निघाला नाही. आता एकदाच असा घ्यावा म्हणतो की मन पूर्ण भरेल. किती खर्च केला तर तो इस्राफ ठरणार नाही?" हेडफोनची किंमत २४,००० रुपये होती, त्याचा पगार २६,००० रुपये होता आणि खरेदी बारा हप्त्यांत व्हायची होती.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यापैकी बहुतेक जण वस्तू घरात आल्यावर तिच्यासाठी सबब शोधतो. या तरुणाने खरेदीपूर्वी विचारले. तरीही मी त्याला त्या दिवशी उत्तर दिले नाही, पुढच्या जुमाला ये म्हणालो. कारण या विषयातला माझा स्वतःचा हिशेब अजून चुकता झालेला नाही. तो पुढे सांगतो.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. सूरह अल-फुरकानच्या ६७व्या आयतीत अल्लाहने आपल्या प्रिय दासांचे एक लक्षण सांगितले आहे: ते खर्च करताना उधळपट्टीही करीत नाहीत आणि कंजूषपणाही करीत नाहीत, त्यांची चाल या दोहोंच्या मधली असते. सूरह बनी इस्राईलच्या २९व्या आयतीत हात गळ्याशी बांधून ठेवण्यास मनाई आहे, तशीच तो पूर्ण मोकळा सोडण्यासही. म्हणून दीन आपल्याला गरिबीचे सोंग घ्यायला सांगत नाही. एक सहाबी जीर्ण वस्त्रांत प्रेषित (स.) यांच्यासमोर आले. त्यांच्यापाशी उंट, घोडे, शेळ्यामेंढ्या सारे काही होते. अल्लाहने दिले आहे तर त्याच्या कृपेची खूण अंगावर दिसू द्या, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) त्यांना दिली. ही हदीस अबू दाऊद आणि नसाई यांच्या संग्रहांत आहे.

तेव्हा चांगली वस्तू घेणे हा गुन्हा नव्हे. उलट चारशे रुपयांची वस्तू दर चार महिन्यांनी मोडते आणि आपण दर वेळी तीच पुन्हा आणतो, हीदेखील उधळपट्टीच आहे; फक्त ती सुट्या पैशांत होते म्हणून डोळ्यांत भरत नाही.

आता गरज पाहू. या तरुणाचे घर दोन खोल्यांचे, माणसे सहा, आणि काम घरी बसून ग्राहकांशी फोनवर बोलण्याचे. म्हणजे गरज खरी होती. पण ती नेमकी किती होती? माणसाचा निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो आणि वयानुसार वरची मर्यादा खाली येत जाते. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवर मात्र ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोहोचतो, आणि तेवढ्यातच जगाने शंभर वर्षे सुखदुःखाच्या वार्ता दिल्या-घेतल्या. आजची साधने त्याहून अधिक वाहून नेतात हे खरे. परंतु बोलणे स्पष्ट ऐकू येण्यासाठी पगाराएवढी किंमत मोजावी लागत नाही. त्याला हवा होता स्वच्छ आवाज पकडणारा माइक, कान न दुखविणारी गादी आणि बाहेरचा गोंगाट कमी करणारी रचना. या शेवटच्या गोष्टीला मी चैन म्हणणार नाही. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज वाढवितो आणि त्यातून कानांची हानी होते.

ही हानी भरून येत नाही. कानाच्या आतल्या भागात जन्मतः सुमारे सोळा हजार केशपेशी असतात आणि मानवी शरीरात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबल आवाज आठवड्यातून ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. तोच आवाज ९० डेसिबल झाला की ही मुदत ४ तासांवर येते. म्हणून हेडफोन कितीला घेतला याबरोबरच तो किती मोठ्याने आणि कशासाठी लावला, हाही हिशेबाचा भाग आहे. सूरह बनी इस्राईलच्याच ३६व्या आयतीत स्पष्ट ताकीद आहे की कान, डोळे आणि हृदय या प्रत्येकाबद्दल जाब विचारला जाईल. तिलावत, दीनी बयान, अभ्यास, रोजीरोटी यांसाठी उघडलेला कान आणि निंदानालस्ती वा अश्लीलतेसाठी उघडलेला कान एकाच तराजूत कसे तोलले जातील? मूल जन्मले की आपण सर्वप्रथम त्याच्या कानात अजान देतो. ती अमानत आयुष्यभर सांभाळायची असते.

राहिला प्रश्न "मन पूर्ण भरण्याचा". वाचकहो, खरी अडचण इथे आहे. आदमच्या पुत्राला संपत्तीने भरलेल्या दोन दऱ्या मिळाल्या तरी तो तिसरीची इच्छा धरील आणि त्याचे पोट अखेर मातीच भरील, या अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. बाजाराला हे चांगले ठाऊक आहे. तीनशे आणि तीन हजार यांतला फरक कोणाच्याही कानाला कळतो. तीन हजार आणि तीस हजार यांतला बराचसा फरक मात्र नाव, घडण, चमक आणि सूक्ष्म छटा यांचा असतो. त्या छटा ओळखण्याचे काम रोज ज्याला करावे लागते, त्याची गोष्ट वेगळी. उरलेल्या आपल्यासारख्यांना खरेदीनंतरचे समाधान दुसऱ्याच्या कानावर त्याहून नवा हेडफोन दिसेपर्यंतच टिकते. खरी श्रीमंती मनाची असते, ही प्रेषितांची (स.) शिकवण अशा वेळी उपयोगी पडते.

आता माझा हिशेब. माझे अब्बा इचलकरंजीत यंत्रमागावर काम करीत. माग चालू असताना शेजारच्या माणसाशी बोलायचे तर तोंड त्याच्या कानाशी न्यावे लागते. अब्बांनी तीस वर्षे कानांत कापूस घालून तो खडखडाट सोसला. त्याच कमाईवर मी मदरशात शिकलो, नंतर मराठीची पदवी घेतली. उतारवयात त्यांना ऐकू येईनासे झाले. ते पहिल्या सफमध्ये अगदी माझ्या मागे उभे राहत. मी तकबीर म्हणून रुकूत जाई आणि अब्बा शेजारच्या नमाजीकडे पाहून झुकत. त्यांच्यासाठी श्रवणयंत्र घ्यायचे, असे आम्ही भाऊ दोन वर्षे बोलत राहिलो. रमजाननंतर पाहू, ईदनंतर पाहू. त्याच दोन वर्षांत मी बयान ध्वनिमुद्रित करण्यासाठी म्हणून तीन हेडफोन बदलले. त्यांपैकी एकाही खरेदीसाठी मी ईदची वाट पाहिली नाही.

अखेर यंत्र आले. पहिल्याच दिवशी फजरला अब्बा माझ्या तकबीरवर, कोणाकडेही न पाहता, झुकले. सलाम फेरल्यावर म्हणाले, "तुझी किरअत चांगली झालीय रे." सात महिन्यांनी अल्लाहने त्यांना बोलावून घेतले. दोन वर्षांच्या नमाजा त्यांना ऐकू आल्या असत्या. त्या माझ्या नावे लिहिल्या गेल्या आहेत, ही भीती मला आहे. कियामतच्या दिवशी संपत्ती कोठून मिळविली आणि कशावर खर्च केली, हे विचारल्याविना माणसाचे पाऊल हलणार नाही, असे तिर्मिजीतील हदीसमध्ये आहे. त्या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ?

पुढच्या जुमाला मी त्या तरुणाला रुपयांचा आकडा सांगितला नाही. चार प्रश्न दिले आणि म्हणालो, आकडा यांतून तूच काढ. पहिला प्रश्न: काम नेमके कोणते आणि तेवढे काम पुरेपूर करणारी टिकाऊ वस्तू कितीला मिळते? दुसरा: पैसा हातात आहे की उसना? हप्त्यांत व्याज दडले असेल तर विचार तिथेच थांबवावा. व्याज घेणाऱ्याबरोबर देणाराही दोषी आहे. तिसरा: घरात कोणाचा हक्क खोळंबला आहे का, आईची औषधे, बहिणीची फी, कोणाचे देणे? चौथा: ही वस्तू कोणालाही दिसणार नसती, तरी हीच घेतली असती का? या चारही प्रश्नांतून पार पडलेला खर्च, मग तो दोन हजार असो वा दहा हजार, निश्चिंत मनाने करावा, बिस्मिल्लाह म्हणून वापरावा आणि शुक्र अदा करून बाजाराकडे पाहणे बंद करावे.

त्याने अखेर काय घेतले, हे मी विचारले नाही. परवा रस्त्यात भेटला तेव्हा त्याच्या कानांवर एक साधासा हेडफोन होता. मला पाहताच त्याने तो काढून गळ्यात घेतला आणि सलाम केला. सोबत त्याची आई होती. ती काहीतरी सांगत होती आणि तो ऐकत होता.

वाचकहो, तुमच्या घरी कोणाची हाक अनुत्तरित राहते आहे का, ते आज रात्री एकदा पाहा. अल्लाह आपल्याला हलाल रिज्क, मधली चाल आणि तृप्त मन देवो. आपल्या कानांना सत्य ऐकण्याची आणि आपल्या माणसांची हाक ऐकण्याची तौफीक देवो. आणि आपल्या आईवडिलांबाबत आपल्याकडून झालेल्या कसुरींना क्षमा करो. आमीन.