काचेवरचा डाग कोणाचा?

आपल्या मीरा-भाईंदरमध्ये बांधकाम ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. 1985 साली येथे नगरपालिका झाली, 2002 साली महानगरपालिका. 1991 च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या 2011 मध्ये 8 लाखांच्या वर गेली. शेतांच्या आणि मिठागरांच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या. आता त्यांतल्या काही जुन्या पाडून पुन्हा नव्या बांधल्या जात आहेत. जिथे बांधकाम, तिथे सिमेंटचे शिंतोडे आलेच. वर स्लॅब पडतो, बाहेरून गिलावा होतो आणि खालच्या घराच्या काचा ठिपक्यांनी भरून जातात. मग सोसायटीत प्रश्न निघतो: हे साफ कोणी करायचे?

गवंडी म्हणतो, काच झाकणे माझे काम नव्हे. कंत्राटदार म्हणतो, दरात सफाई धरलेली नाही. वरचे घरमालक म्हणतात, आम्ही पैसे मोजलेत. खालचे म्हणतात, आम्ही का हात लावावा? प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर भासते. तेवढ्या वेळात सिमेंट मात्र आपले काम करत राहते.

आपण म्हणतो, सिमेंट वाळले. खरे तर ते नुसते वाळत नाही. पाण्याशी त्याचा संयोग होऊन ते घट्ट होते. म्हणून तर नव्या स्लॅबवर आपण पाणी मारतो आणि काँक्रीटची ताकद साधारणपणे 28 दिवसांनी तपासतो. ओला ठिपका भरपूर पाण्याने आणि फडक्याने मिनिटभरात जातो. दुसऱ्या दिवशी तोच ठिपका दगड झालेला असतो. शिवाय ओल्या सिमेंटचे पाणी तीव्र अल्कधर्मी असते. ते फार काळ राहिले तर काचेलाच खाते. मग वरचा थर निघाला तरी खाली पांढुरका व्रण उरतो.

येथे आपल्याला दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात: दोष आणि जबाबदारी. दोष ज्याने शिंतोडे उडवले त्याचा. पण जबाबदारी ज्याला तो ठिपका ओला असताना दिसला, त्याचीही आहे. ‘मी केले नाही’ हे उत्तर दोषाच्या प्रश्नाला पुरते, जबाबदारीच्या प्रश्नाला पुरत नाही. घरातले गैरसमज, भावाभावांतले जमिनीचे वाद, शेजाऱ्याशी तुटलेले बोलणे यांचेही असेच होत नाही का? पहिल्या दिवशी एका शब्दाने जे पुसले गेले असते, त्यासाठी पुढे वर्षे घालवावी लागतात.

बरे, डाग घट्ट झालाच तर काय करावे? राग उपयोगाचा नाही. कोरड्या काचेवर पाते घासले की सिमेंटमधली रेती काचेवर ओरखडे काढते, कारण रेतीचा कण काचेहून कठीण असतो. आधी काच भिजवावी, सुटी रेती धुऊन काढावी. ठिपक्यावर व्हिनेगरचे फडके बराच वेळ ठेवावे, म्हणजे त्यातला चुन्याचा अंश हळूहळू विरघळतो. मग ओल्या काचेवर नवे पाते आडवे धरून हलक्या हाताने सरकवावे. एकदा जमले नाही तर पुन्हा भिजवावे. घाईने बाजारातले तीव्र अ‍ॅसिड ओतले तर खिडकीची अ‍ॅल्युमिनियमची चौकट खराब होते, वाफ छातीत जाते. ब्लीचमध्ये ते मिसळले तर विषारी वायू तयार होतो.

एवढे करूनही काचेत उतरलेला व्रण जात नाही. अशा वेळी ‘झाले गेले विसरा’ असे म्हणणे सोपे असते. क्षमा जरूर करावी. पण क्षमेने काच पारदर्शक होत नाही. ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याने काच बदलून दिली पाहिजे. क्षमा मन मोकळे करते, भरपाई व्यवहार पुरा करते. एकीने दुसरीची जागा घेऊ नये.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. चौथ्या मजल्याची काच बाहेरून पुसायला कोण जातो? आपण नव्हे. एखादा तरुण मजूर छज्जावर पाय ठेवून, एका हाताने ग्रील धरून उभा राहतो. कमरेला पट्टा नसतो. आपण आतून बोट दाखवतो, ‘तिकडे राहिले बघ.’ बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेसाठी आणि कल्याणासाठी 1996 साली देशात स्वतंत्र कायदे झाले. महाराष्ट्रात 2011 साली त्यांच्यासाठी कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. पण कायदा आपल्या खिडकीशी येऊन उभा राहत नाही. तेथे उभे असतो आपण. डाग दुसऱ्याने पाडला हे खरे, पण त्या मुलाला बाहेर आपण पाठवले. त्याचा पाय घसरला तर कोणाकडे बोट दाखवणार?

म्हणून आम्हांला वाटते, आपल्या सोसायट्यांनी काम सुरू होण्यापूर्वीच काही गोष्टी लेखी ठरवाव्यात. काचा प्लास्टिकने झाकायच्या, ओले शिंतोडे त्याच दिवशी पुसायचे, सफाईची मजुरी दरातच धरायची आणि पट्टा व दोर असल्याशिवाय कोणालाही बाहेर उतरवायचे नाही. खर्च थोडा वाढेल. आणि तोवर काच मळकी राहिली तर राहू द्यावी. मळक्या काचेतूनही उजेड आत येतो. गेलेला माणूस मात्र परत येत नाही.